कामातून, मिळून शिकताना : प्रस्तावना

हृदयावरच्या शस्त्रक्रियेसाठी छातीचं मधलं हाड कापून छाती उघडायची, ही पद्धत शल्यविशारदांच्या हाताला कित्येक वर्षं बसलेली होती. १९९०च्या दशकात अमेरिकेत एक नवी पद्धत आली. बरगड्यांमधून छोटा छेद द्यायचा. आणि महारोहिणीला बाहेरून चिमटा लावण्याऐवजी जांघेतल्या रोहिणीतून एक फुगा वर सरकवायचा आणि रक्ताचा प्रवाह आतून थांबवायचा. तो फुगा नेमका कुठे पोचला आहे हे शल्यविशारदाला डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनाही कळत नाही. ते भूलतज्ज्ञाला पडद्यावर दिसतं आणि यंत्राशी बसलेल्या तंत्रज्ञाला दाबाच्या आकड्यांवरून समजतं. आजवर ज्याच्या शब्दावर सगळं थिएटर हलत होतं, त्याला आता इतरांच्या सांगण्यावर आपला हात हलवावा लागणार होता. एमी एडमंडसन, रिचर्ड बोमर आणि गॅरी पिसानो या हार्वर्डच्या संशोधकांनी ही पद्धत आत्मसात करू पाहणाऱ्या १६ रुग्णालयांचा अभ्यास केला आणि २००१मध्ये तो प्रसिद्ध केला. सगळ्या चमूंना उपकरणं सारखी मिळाली होती आणि तीन दिवसांचं प्रशिक्षणही तेच. तरी काही चमू झपाट्याने शिकले, काही रखडले आणि काहींनी पद्धतच सोडून दिली.

रुग्णालयाचं नाव मोठं असणं, शल्यविशारद ज्येष्ठ असणं, वरिष्ठांचा पाठिंबा असणं, यातल्या कशानेच हा फरक पडलेला नव्हता. नंतर घेतलेल्या औपचारिक आढावा बैठकाही निर्णायक ठरल्या नाहीत. तशा बैठकांना बहुतेकांकडे वेळच नव्हता. फरक पडला तो निराळ्याच गोष्टींनी. जिथे शल्यविशारदाने सुरुवातीलाच सांगितलं, की हे माझ्या एकट्याच्या हातचं काम नाही, तुम्ही बोलला नाहीत तर मला कळणार नाही. जिथे चमू विचारपूर्वक निवडला आणि पहिल्या शस्त्रक्रियांपर्यंत तोच ठेवला. आणि जिथे परिचारिका शस्त्रक्रिया चालू असताना मध्येच बोलू शकली, तिथे शिकणं झालं.

या पुस्तकाचा सगळा विषय या एका अभ्यासात आहे. माणसं एकेकटी हुशार असतात, त्यांच्याजवळ पदवी असते, अनुभव असतो, आणि तरी ती मिळून एखादी नवी गोष्ट शिकू शकत नाहीत. आपल्याकडच्या कार्यालयांत आणि कारखान्यांत यावर एक ठरलेलं उत्तर आहे: ट्रेनिंग. काही बिघडलं की वरून पत्र येतं, चारजणांची नावं कळवली जातात, ते दोन दिवस जाऊन येतात, फोल्डर आणि प्रमाणपत्र घेऊन परततात. सोमवारी पुन्हा तेच टेबल, तेच साहेब, तीच पद्धत. प्रशिक्षण वाईट होतं असं नाही. शिकून आलेला माणूस एकटा होता आणि काम दहाजणांचं होतं. त्याने शिकून आणलेलं वापरायचं तर उरलेल्या नऊजणांना आपापलं थोडं थोडं बदलावं लागलं असतं, आणि त्याबद्दल त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

या प्रश्नाचा अभ्यास गेली ऐंशी वर्षं चालू आहे. पण तो एका शास्त्राच्या छपराखाली झालेला नाही. कोळशाच्या खाणी, कापडगिरण्या, विमानांचे कॉकपिट, जपानी कारखाने, शिंप्यांची दुकानं आणि रुग्णालयं अशा ठिकाणी तो तुकड्यातुकड्यांनी घडला. मराठी वाचकाला तो भेटतो तो बहुधा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातून, आकृत्या आणि संज्ञांच्या रूपात. ज्या माणसांच्या कामातून हे कळलं ती माणसं त्या आकृत्यांतून गळून गेलेली असतात. म्हणून आधी या क्षेत्राची ओळख करून देतो, ती शक्य तिथे त्या माणसांसकट.

सुरुवात कुर्ट लेविन यांच्यापासून करणं न्याय्य ठरेल. नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून अमेरिकेत आलेला हा ज्यू मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात चांगलं मांस सैन्याकडे जात होतं, तेव्हा घरोघरी काळीज, मूत्रपिंड असे अवयव खाल्ले जावेत असं सरकारला वाटत होतं. लेविन यांनी गृहिणींच्या काही गटांना व्याख्यान ऐकवलं आणि काही गटांना आपसांत चर्चा करून स्वतः ठरवू दिलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के स्त्रियांनी नंतर ते पदार्थ करून पाहिले. चर्चा केलेल्या गटांत ३२ टक्के स्त्रियांनी. माहिती दोन्हीकडे तीच होती. १९४६मध्ये कनेक्टिकटमधल्या एका कार्यशाळेत दुसरी गोष्ट घडली. दिवसभराच्या चर्चांबद्दल संशोधक संध्याकाळी आपापसांत बोलत. काही सहभागींनी तिथे बसायची परवानगी मागितली, लेविन यांनी दिली, आणि मग आपल्या वागण्याचं जे वर्णन कानावर पडलं त्यावर त्यांनी वाद घातला, दुरुस्त्या सुचवल्या. दिवसभरात झालं नव्हतं एवढं शिकणं त्या संध्याकाळी झालं. लेविन १९४७च्या फेब्रुवारीत वारले. त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बेथेल गावी त्यांच्या सहकाऱ्यांनी या धर्तीवर प्रशिक्षण सुरू केलं आणि त्यातून गटप्रक्रियेची एक मोठी शाखा वाढली. तिचे आपल्याकडचे वारस आजही प्रयोगशाळा-पद्धतीची शिबिरं घेतात. या शाखेबद्दल मला आदर आहे आणि एक तक्रारही. ती माणसांना कामापासून दूर, अनोळखी लोकांत नेऊन बसवते. तिथे माणूस स्वतःबद्दल पुष्कळ शिकतो, पण आपल्या पाळीबद्दल, आपल्या खात्याबद्दल त्याला तिथे काही शिकता येत नाही.

त्याच सुमारास लंडनमधल्या टॅव्हिस्टॉक संस्थेने नेमकी कामाचीच जागा धरली. एरिक ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाणकामगार असलेले केन बॅमफोर्थ यांचा १९५१चा लेख कोळसा काढण्याच्या नव्या यांत्रिक पद्धतीबद्दल आहे. जुन्या पद्धतीत लहान गट सगळं काम मिळून करत. नव्या पद्धतीने कामाचे तुकडे केले, प्रत्येक पाळीला एक तुकडा दिला, आणि एका पाळीची चूक दुसऱ्या पाळीच्या डोक्यावर येऊ लागली. यंत्र सुधारलं होतं आणि माणसांचं एकमेकांशी असलेलं नातं मोडलं होतं. तंत्र आणि माणसांची रचना यांचा विचार एकत्रच करायला हवा, हा टॅव्हिस्टॉकचा सिद्धान्त इथून निघाला.

या सिद्धान्ताची एक मोठी कसोटी आपल्या शेजारी झाली, म्हणून तिथे थोडं थांबतो. १९५३मध्ये टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस अहमदाबादला आले. साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले होते, पण अपेक्षेइतकं उत्पादन निघत नव्हतं आणि कापडात दोष राहत होते. गिरणगावाशी नातं असलेल्या वाचकाला ते खातं डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. २२४ माग, २९ माणसं आणि त्यांची कामं बारा प्रकारची: विणकर, कांड्या भरणारा, तुटलेले धागे जोडणारा, तेल घालणारा, कापड वाहून नेणारा, झाडणारा, जॉबर. प्रत्येकाकडे सोपवलेल्या मागांची संख्या वेगवेगळी. त्यामुळे कुठल्याही विणकराला कांड्या भरणारा एक माणूस पुरता आपला म्हणून मिळत नसे. एकाच माणसावर दोन-तीन विणकरांचा हक्क, आणि माग अडला की तो आधी कुणाकडे धावणार याला काही नियम नाही. २९ माणसं एका छताखाली होती, पण तो गट नव्हता.

राइस यांनी पर्यवेक्षकांशी बोलताना एक साधी कल्पना मांडली: मागांचा एक संच आणि त्याला जबाबदार माणसांचा एक लहान गट. ती कामगारांपर्यंत पोचली आणि त्यांनी लगोलग ती आपली करून टाकली. कोण कुणाबरोबर काम करणार हे त्यांनीच ठरवलं. ६४ मागांमागे सातजणांचा गट, अशी मांडणी झाली. पहिले काही आठवडे ओढाताणीचे गेले. उत्पादन वाढलं पण दोषही वाढले. मग घडी बसली. कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली, आणि सदोष कापडाचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २०वर आलं. राइस यांनी हे सगळं १९५८च्या पुस्तकात लिहिलं. यात कुणालाही वर्गात बसवलेलं नव्हतं. माग तेच होते, माणसंही तीच. बदलली होती ती एक गोष्ट: अडचण कुणाची आणि ती सोडवण्याचा अधिकार कुणाचा, याचं उत्तर. विणकराला तेलवाल्याशी बोलायचं कारण मिळालं आणि त्या बोलण्यातून काही ठरलं तर ते करून पाहायची मुभाही मिळाली. १९७०मध्ये एरिक मिलर त्या गिरणीत परत गेले, तेव्हा एका खात्यात ही रचना जवळपास जशीच्या तशी टिकलेली होती. इतर ठिकाणी ती जुन्या वळणावर गेली होती. माझ्या मते या क्षेत्रातल्या प्रत्येक नवशिक्याने हे दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

रेग रेव्हन्स हा या इतिहासातला सर्वांत कमी वाचला गेलेला आणि मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस. केंब्रिजच्या केव्हेंडिश प्रयोगशाळेत तयार झालेला हा पदार्थवैज्ञानिक युद्धानंतर ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळात शिक्षणाचं काम पाहत होता. खाण-व्यवस्थापकांसाठी कॉलेज काढण्यापेक्षा त्यांना लहान गटांत एकमेकांच्या खाणी पाहायला पाठवा आणि एकमेकांच्या अडचणींवर प्रश्न विचारू द्या, असं त्याचं म्हणणं. तयार ज्ञान आणि नेमके प्रश्न, या दोहोंची बेरीज म्हणजे शिकणं, असं त्याचं प्रसिद्ध सूत्र आहे. सल्ले देऊ नका, विचारा, हा त्याचा आग्रह. पुढे त्याने रुग्णालयांत काम केलं. परिचारिका नोकरी सोडून जातात की टिकतात, याचा संबंध वरची माणसं खालच्यांचं ऐकतात की नाही याच्याशी आहे, हे त्याने १९६४च्या पुस्तकात मांडलं. साठ वर्षं झाली तरी ते पुस्तक शिळं वाटत नाही.

१९७०च्या दशकात विचाराचा रोख बदलला. क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७८मध्ये शिकण्याच्या दोन पातळ्या वेगळ्या केल्या. चूक झाली, दुरुस्त केली, काम पुढे चालू: ही पहिली. ज्या समजुतीमुळे किंवा ज्या नियमामुळे ती चूक पुन्हा पुन्हा होते, तोच तपासणं ही दुसरी. संस्था दुसऱ्या पातळीवर का पोचत नाहीत याचं आर्गिरिस यांनी दिलेलं उत्तर बोचरं आहे. सुशिक्षित, यशस्वी माणसांना अपयशाची सवय नसते, म्हणून ती स्वतःला वाचवण्यात पटाईत होतात. आणि कोणता विषय काढायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तसं ठरलं आहे हेही बोलायचं नसतं. पीटर सेंगी यांच्या १९९०च्या पुस्तकाने हे विचार जगभरच्या संचालक मंडळांपर्यंत नेले आणि 'शिकणारी संस्था' हा शब्दप्रयोग रूढ केला. त्याचं श्रेय द्यायला हवं. मात्र त्या पुस्तकाच्या लोकप्रियतेत कारखान्याची फरशी दिसेनाशी झाली, असं मला वाटतं.

जपानमध्ये ती कधीच दिसेनाशी झाली नव्हती. १९६२पासून तिथे काओरू इशिकावा आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने गुणवत्ता मंडळं सुरू झाली: एकाच जागी काम करणारे आठ-दहा कामगार नियमित बसून आपल्याच कामातल्या अडचणी मोजतात, कारणं शोधतात, उपाय करून पाहतात. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५मध्ये सांगितलेली पाव भाजण्याच्या यंत्राची गोष्ट याच मातीतली. मात्सुशिता कंपनीच्या यंत्रातून पाव नीट निघत नव्हता. कणीक किती आणि कशी मळायची हे अभियंत्यांना आकड्यांत पकडता येईना. इकुको तनाका नावाची सॉफ्टवेअर विभागातली सहकारी ओसाकामधल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकायला राहिली. तो कणीक नुसती ताणत नाही, ताणताना तिला पीळही देतो, हे तिला त्याच्या शेजारी उभं राहून कळलं, आणि मग अभियंत्यांबरोबर बसून तिने ते यंत्रात उतरवलं. हाताला कळलेलं शब्दांत आणणं आणि शब्दांतलं पुन्हा दुसऱ्याच्या हातात घालणं, हे काम एकट्याने होत नाही.

गुणवत्ता मंडळं भारतात आली ती १९८०मध्ये, हैदराबादजवळच्या भेल कारखान्यातून. एस. आर. उडपा यांनी ती सुरू केली आणि १९८२मध्ये त्यांच्या प्रयत्नातून देशपातळीवरचा मंच उभा राहिला. पुणे, पिंपरी, नाशिकच्या कारखान्यांत काम केलेल्या अनेकांना ती आठवत असतील. सुरुवातीला त्या मंडळांनी खरोखर काम केलं. नंतर बऱ्याच ठिकाणी त्यांचं सादरीकरणात रूपांतर झालं: स्पर्धा, ट्रॉफी, रंगीत आलेख, आणि उपाय आधी ठरवून मग समस्या शोधणं. कामगारांचा उत्साह आटला असं त्या वेळी म्हटलं गेलं. मला वाटतं, अधिकार कधी दिलाच गेला नव्हता. मंडळाने सुचवायचं, मंजुरी वरून यायची, आणि मंजुरीचा कागद सहा महिने फिरायचा. ज्या बोलण्यातून काहीच बदलत नाही, ते बोलणं माणसं स्वतःहून थांबवतात. कामगारांच्या शिक्षणाचं केंद्रीय मंडळ १९५८मध्ये नागपुरात सुरू झालं, लार्सन अँड टुब्रोने उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने १९७५च्या सुमारास मनुष्यबळ विकासाचा वेगळा विभाग उभारला. म्हणजे प्रयत्नांची आपल्याकडे वाण नव्हती. पण 'शिकवणं' आणि 'ठरवणं' ही दोन खाती आपण कायम वेगळी ठेवली.

मानववंशशास्त्रज्ञ या क्षेत्रात उशिरा आले आणि त्यांनी सगळ्यांना ताळ्यावर आणलं. जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांच्या दुकानात शिकाऊ मुलं कशी तयार होतात ते पाहिलं. तिथे धडे नव्हते. मुलगा आधी काजं-बटणं, दुमड घालणं अशी शेवटची कामं करतो, मग शिवण, आणि कापड कापण्याचं जोखमीचं काम सर्वांत शेवटी. उलट्या क्रमाने शिकताना तयार कपडा कसा असतो हे त्याला पहिल्या दिवसापासून दिसत असतं. लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१मध्ये यावरून मांडलं, की शिकणं म्हणजे काम करणाऱ्यांच्या समुदायात हळूहळू आत येणं. ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्सच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर राहून लिहिलेलं १९९६चं पुस्तक याच वाटेवरचं. कंपनीच्या पुस्तिकेत प्रत्येक बिघाडाचा क्रमांक आणि त्याचा इलाज दिलेला असे. प्रत्यक्षात यंत्र पुस्तिकेप्रमाणे बिघडत नसे. मग दोन तंत्रज्ञ त्या यंत्रासमोर उभे राहून एकमेकांना जुन्या बिघाडांच्या गोष्टी सांगत, एकातून दुसरी निघे, आणि कुठल्या तरी गोष्टीत समोरच्या यंत्राचं लक्षण जुळे. पुढे झेरॉक्सने अशा युक्त्या साठवणारी 'युरेका' नावाची प्रणाली उभी केली. आलेली युक्ती इतर तंत्रज्ञच तपासत, आणि शोधणाऱ्याचं नाव तिच्यासोबत राही. आपल्याकडच्या मोटार गॅरेजात, एस.टी.च्या आगारात, महावितरणच्या लाइनमनमध्ये अशा गोष्टी रोज सांगितल्या जातात. त्या कुणी उतरवून घेतलेल्या नाहीत, एवढंच.

आणि मग भीतीचा प्रश्न. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान इंधन संपून कोसळलं. चाकांच्या बिघाडाची शहानिशा करत कॅप्टन विमान आकाशात फिरवत राहिला. इंधन कमी होत आहे हे फ्लाइट इंजिनिअरला दिसत होतं, पण त्याचं सांगणं कॅप्टनपर्यंत पोचेल एवढ्या जोरात झालं नाही. १० माणसं गेली. पुढच्या वर्षी नासाने घेतलेल्या कार्यशाळेतून वैमानिकांना मिळून काम करायला शिकवण्याची पद्धत आकाराला आली. शस्त्रक्रियेआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणी यादीतली पायरीही त्याच विचारातली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांचा २००९मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की यादी वापरायला लागल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

या सगळ्याला संशोधनाची पक्की बैठक दिली ती एमी एडमंडसन यांनी. औषध देण्यातल्या चुकांच्या, १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना दिसलं, की जिथे परिचारिकांचं एकमेकींशी आणि प्रमुखाशी चांगलं जमतं, तिथे चुका जास्त नोंदल्या जातात. उलगडा असा, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या लपवल्या जात नव्हत्या. १९९९मध्ये एका उत्पादक कंपनीतल्या ५१ गटांवर त्यांनी दाखवलं, की बोललं तर आपली पत जाणार नाही ही खात्री जिथे असते तिथे गट शिकतो. आज ही कल्पना प्रत्येक मोठ्या कंपनीच्या सादरीकरणात आहे. ती एवढी पसरली याचा आनंद आहे आणि काळजीही. मोकळं वातावरण ठेवा असं सांगायला काही खर्च येत नाही. अधिकार द्यायला येतो. ज्या टीमला आपल्या वेळापत्रकाबद्दल, आपल्या हत्यारांबद्दल, आपल्या माणसांच्या नेमणुकीबद्दल काही ठरवता येत नाही, तिला कितीही निर्धास्त बोलू दिलं तरी ती फक्त मोकळेपणाने तक्रार करायला शिकेल.

अधिकार खरोखर दिला की काय होतं याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण जामखेडचं. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केलं. आधी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांवर भिस्त ठेवली. ते खेड्यांत रुजलं नाही. मग गावांनी आपल्यातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या बहुतेक निरक्षर, अनेकजणी दलित. या आरोग्य सेविका दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत. डॉक्टर शिकवत ते होतंच, पण मोठा वेळ जाई तो एकमेकींना सांगण्यात: कुणाच्या गावात बाळंतपण अडलं, कुणाला सासूने दारातून परत पाठवलं, जुलाबाने सुकलेल्या पोराला कुणी कसं वाचवलं. पुढच्या आठवड्यात येताना प्रत्येकीजवळ केलेल्या कामाचं काहीतरी सांगायला असे, कारण गावात निर्णय तिला स्वतःला घ्यावा लागत होता. वेगवेगळ्या जातींच्या बायका एका गोलात बसून एकमेकींकडून शिकत होत्या, हे त्या काळातल्या त्या तालुक्यात सोपं नव्हतं. आरोळे दाम्पत्याला १९७९मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेड पाहायला आले. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत मात्र ते क्वचितच भेटतं. ते आरोग्याच्या कपाटात ठेवलं गेलं, खरं तर गटाने शिकण्याच्या इतिहासात त्याची जागा अहमदाबादच्या शेजारी आहे.

हा विषय आत्ताच का, याचं उत्तर आपल्या कामाच्या जागा पाहिल्या की मिळतं. चाकण, रांजणगाव, वाळूज इथल्या कारखान्यांत कायम कामगारांच्या शेजारी कंत्राटी आणि शिकाऊ कामगार उभे असतात. ते काही महिन्यांनी जातात, आणि त्यांना काही शिकवणं शेजारच्या कायम कामगाराच्याही हिताचं राहत नाही. सरकारी कार्यालयांत २००५च्या बदल्यांच्या कायद्याने तीन वर्षांची मुदत घालून दिली. बदली झाली की चार्ज दिला-घेतला जातो: किल्ल्या, रोकडवही, डेडस्टॉक रजिस्टर, प्रलंबित प्रकरणांची यादी. कुठल्या गावात पाण्यावरून कुणाचं कुणाशी जमत नाही, मागच्या टंचाईत कोणता उपाय फसला, कुणाला फोन केला की काम होतं, यातलं काही त्या यादीत येत नाही. येणारा अधिकारी तीच तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून शिकतो. शाळांत केंद्रपातळीवरची शिक्षण परिषद मुळात शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावं म्हणून आहे; बऱ्याच ठिकाणी तिचा वेळ परिपत्रकं वाचण्यात आणि माहिती गोळा करण्यात जातो. घरून काम करणाऱ्या संगणक अभियंत्याला शेजारच्या टेबलावरचं बोलणं आता ऐकू येत नाही, आणि अडलेला प्रश्न तो सहकाऱ्याऐवजी यंत्राला विचारतो. उत्तर त्याला मिळतं. पण प्रश्न अडला होता हे बाकीच्यांना कळत नाही, आणि त्या अडण्यातून गटाला जे कळलं असतं ते हरवतं.

या पुस्तकाने काय करायचं ठरवलं आहे, ते सांगतो. लेखकांमध्ये कारखान्यात पाळी सांभाळणारी, वॉर्डाची जबाबदारी असलेली, केंद्रशाळेत शिकवणारी, पंचायत समितीत काम केलेली माणसं आहेत. आम्ही त्यांना सिद्धान्त मागितले नाहीत. एक जागा घ्या, तिथे माणसं एकमेकांकडून काय शिकली आणि काय शिकू शकली नाहीत ते लिहा, आणि अधिकार कुणाकडे होता हे टाळू नका, एवढीच विनंती केली. काही लेख त्यामुळे अपुरे वाटतील, कारण ती कामं अपुरीच आहेत. लेखकांचं आपसांत एकमत नाही, आणि ते तसंच राहू दिलं आहे. गट चालवायला बाहेरचा, तटस्थ माणूस हवा असं काहींना वाटतं. बाहेरचा आला की माणसं त्याच्यासाठी बोलतात, असं इतरांचं म्हणणं. चुकांची नोंद आणि शिस्तभंगाची कारवाई यांच्यात भिंत असावी यावर सगळे सहमत आहेत. पण ती भिंत कुठे उभी करायची यावर वाद आहे. कारणे दाखवा नोटीस ज्या टेबलावरून निघते त्याच टेबलावर चुकांची मोकळी चर्चा कशी व्हावी, याचं समाधानकारक उत्तर या पुस्तकात नाही. दोन लेख त्याच्या जवळ जातात.

संघटनांचा प्रश्नही आम्ही बाजूला ठेवलेला नाही. गटाने शिकून काम कमी माणसांत होऊ लागलं तर वाचलेल्या वेळाचा धनी कोण, हा प्रश्न कामगार विचारणारच आणि तो विचारायलाच हवा. गुणवत्ता मंडळांच्या काळात तो अर्धवट सोडला गेला. या वेळी त्यावर दोन्ही बाजूंनी लिहून घेतलं आहे.

राहून गेलेलं पुष्कळ आहे. घरकाम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, गाळ्यांमध्ये पीसवर शिलाई करणाऱ्या बायका मिळून काय आणि कशा शिकतात, यावर एकही लेख आम्हाला मिळवता आला नाही. त्यांची कामाची जागा कुठल्याच कार्यालयाच्या नकाशावर नसते आणि लिहायला वेळ असलेलं माणूस तिथे सापडणं कठीण. ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दलही तेच. हे पुस्तक वापरायचं असेल तर ते ट्रेनिंगच्या दिवसासाठी ठेवू नये. आपल्या जागेला लागू पडेल असा एक लेख निवडावा, तो कामाच्या वेळेत, पाळी सुटल्यावर नव्हे, सगळ्यांनी मिळून वाचावा, आणि बोलायची सुरुवात सर्वांत अलीकडे लागलेल्या माणसापासून करावी. साहेबांनी शेवटी बोलावं, आणि उठण्याआधी एक तरी गोष्ट बदलायची मंजुरी तिथेच द्यावी.